गुरुवारचं रक्त, मंगळवारचं रक्त

१

रिपोर्ट आला तेव्हा कमलाकर पाठराबे यांना जाऊन पाच तास झाले होते.

सुलक्षणा रिसबूडने तो दोनदा वाचला. हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात ती फार्मासिस्ट होती. फुप्फुसात बुरशी धरलेल्या पेशंटांच्या रक्तात औषध पुरेसं उतरतंय की नाही, हे बघायचं तिचं काम. कमी उतरलं तर बुरशी वाढते, जास्त झालं तर लिव्हर बिघडतं. कमलाकररावांचं रक्त गुरुवारी, तेवीस मेला क्लिनिकमध्ये घेतलं होतं. आज मंगळवार, अठ्ठावीस. आकड्याच्या जागी लॅबने लिहिलं होतं : औषध आढळलं नाही.

कमी नव्हे. अजिबात नाही.

बहात्तर वर्षांचा माणूस. तरुणपणी नागपुरात टीबी झाला, तो बरा झाला, पण उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी पोकळी ठेवून गेला. त्या पोकळीत म्हातारपणी बुरशी वाढली. दोन वर्षं गोळ्यांनी ती दाबून ठेवली होती. आज सकाळी स्टॅनमोरच्या घरी चहा पिताना खोकला आला, खोकल्याबरोबर रक्त आलं, आणि ते थांबलंच नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ते शुद्धीवर होते. नऊ वाजता गेले.

गुरुवारचे कमलाकरराव तिच्या डोळ्यांपुढे आले. लेकीच्या शेजारी बसून त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले होते. "मॅडम, हे बघा. आत्ताच हळद लागलीय जणू."

तळहात खरंच पिवळे होते. तरुण डॉक्टरने फाईलमध्ये 'कावीळ?' असं लिहिलं. सुलक्षणाने त्यांची पापणी खाली ओढून पाहिली, डोळे पांढरेशुभ्र होते. लिव्हरचे रिपोर्टही चोख आले. मग क्लिनिकमध्ये गर्दी होती, पुढचा पेशंट दारात उभा होता, आणि तो विषय तिथेच राहिला.

"गोळ्या घेत नसणार," कन्सल्टंट म्हणाले. "कंटाळतात लोक. कॉरोनरला तसं लिहून द्या."

"फेब्रुवारीत लेव्हल उत्तम होती. एप्रिलमध्येही."

"मग त्यानंतर सोडल्या."

सुलक्षणाने फाईल उघडली. डिसेंबरपर्यंत कमलाकररावांचं रक्त दर महिन्याला तपासत. इतका नेमाने औषध घेणारा पेशंट, आठ आठवड्यांनी पुरे, असं तिनेच सुचवलं होतं. फाईलमध्ये तिची सही होती.

तिने लॅबला फोन लावला. सकाळी ए अँड ई या तातडीच्या विभागात आणल्यावर कमलाकररावांचं रक्त घेतलं होतं, ते अजून टाकलं नव्हतं. "त्यातही हेच औषध बघा," ती म्हणाली.

"मेलेल्या माणसाची लेव्हल?"

"बघा तर."

बुधवारी दुपारी उत्तर आलं. मंगळवारच्या रक्तात औषध होतं. पुरेपूर होतं.

सुलक्षणा खुर्चीत मागे टेकली. गुरुवारी शून्य, मंगळवारी पूर्ण. म्हणजे मधल्या चार-पाच दिवसांत कमलाकररावांच्या पोटात खऱ्या गोळ्या जायला लागल्या होत्या. आणि गुरुवारच्या रक्तात शून्य आहे, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मग कुणी, आणि कशासाठी?

२

अचानक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या ऑफिसातून एक पिशवी आली. त्यात गोळ्यांची बाटली होती, सात वारांच्या कप्प्यांचा डबा होता, सीमा शेलार या घरी सांभाळणाऱ्या केअररची रोजची नोंदवही होती. गोळ्या तिने एकेक उलटून पाहिल्या. सगळ्या खऱ्या, मोजणीत एकही इकडची तिकडे नाही. पिशवीच्या तळाशी ड्रॉपर लावलेली छोटी तपकिरी बाटली होती. आत नारिंगी तेलकट पाणी. लेबलवर निळ्या शाईने हाताने लिहिलं होतं : 'कॅरट पील, बॅच ९, टी. पी.'

गाजर! तळहात पिवळे, डोळे पांढरे. काविळीत आधी डोळे पिवळे होतात. गाजराचा रंग अंगात साठला की तळहात पिवळे होतात आणि डोळे पांढरे राहतात. हे तिला परीक्षेत एका मार्काला आलं होतं, आणि गुरुवारी सुचलं नव्हतं.

सीमाताई वील्डस्टोनमध्ये एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. पन्नाशीच्या, सांगलीच्या बाई. दार उघडलं तेव्हाच त्यांचे डोळे सुजलेले होते.

"एजन्सीने काम बंद केलंय माझं," त्या म्हणाल्या. "माझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे, मॅडम. त्यांनी काढून टाकलं तर साठ दिवसांत देश सोडायचा. सगळे म्हणतायत गोळ्या मी द्यायचे, म्हणजे मीच चुकवल्या."

"गोळ्या कशा द्यायचात?"

"रविवारी बाटलीतून काढून डब्यात भरायच्या. रोज सकाळी आठला एक द्यायची आणि रात्रीची त्यांच्या उशाशी काढून ठेवायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. पोरांची शपथ घेऊन सांगते."

"घरात कोण कोण यायचं?"

"तनिषाताई आणि जावई. साउथहॅम्प्टनहून, एक शनिवार सोडून एक शनिवार, दोघं मिळून. आणि शेजारचे जयंतकाका. बाकी कुणी नाही."

"गेल्या शनिवारी?"

"आले होते की दोघं. जेवून गेले."

सुलक्षणाने नोंदवही उघडली. मोडक्या इंग्रजीत, पण रोजच्या रोज लिहिलेली. 'आंघोळ घातली. पोळी दीड खाल्ली. लाइट्स डान्सिंग.' हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं.

"हे दिवे नाचले म्हणजे काय?"

सीमाताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "ती गोळी घेतली ना, की अर्ध्या तासाने त्यांना दिव्याभोवती रंग दिसायचे. निळे, हिरवे. म्हणायचे, सीमा, माझी रोज दिवाळी. मधूनच बंद व्हायचं ते. मला विचारायचे, अगं, आज दिवाळी का नाही? मी म्हणायचे, सवय झाली असेल औषधाची."

ते रंग म्हणजे या औषधाचीच खूण होती. गोळी पोटात गेली की दिसणार. सुलक्षणा पानं उलटत गेली आणि तारखा लिहीत गेली. डिसेंबर संपेपर्यंत रोज दिवे. जानेवारीत एकदाही नाहीत. चार फेब्रुवारीपासून पंधरवडाभर पुन्हा, मग बंद. एकतीस मार्चपासून पुन्हा, एप्रिलच्या मध्यापासून बंद. आणि सव्वीस मे, रविवार, शेवटच्या पानाच्या आधीचं पान : लाइट्स डान्सिंग, व्हेरी हॅपी.

क्लिनिकच्या तारखा होत्या पंधरा फेब्रुवारी आणि अकरा एप्रिल. तपासणीच्या बारा-तेरा दिवस आधी कुणीतरी बाटलीत खऱ्या गोळ्या ठेवत होतं. तपासणी झाली, की पुन्हा दिसायला तशाच दुसऱ्या गोळ्या. चूक नव्हती ही. पाच महिने चाललेलं काम होतं.

"आणि ही तपकिरी बाटली?"

सीमाताईंनी नजर खाली घातली. "सकाळी दुधातून वीस थेंब. जानेवारीपासून. मी विचारलं तर म्हणाले, लेकीचं औषध आहे, तनिषाने शोधलंय. कुणाला बोलू नकोस, पोरीची नोकरी जाईल."

३

जयंतकाका निवृत्त पोस्टमास्तर होते. कमलाकररावांच्या भिंतीला भिंत लावून तीस वर्षं राहिलेले. भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अलॉटमेंटवर त्यांचा जमिनीचा तुकडा होता, तिथली गाजरं ते शेजारी पोचवत. सुलक्षणा आली तेव्हा ते मागच्या दारात बसून गाजरांचा चिखल धूत होते.

"गाजराचा रस देत होतात त्यांना?"

"द्यायचो कधीकधी. त्यानं काय माणूस मरतो?" ते भडकले, मग लगेच विझले. "आणि मी होतो कुठे? डिसेंबरात धाकट्याकडे कॅनडाला गेलो, तो वीस एप्रिलला आलो. आलो तेव्हाच म्हटलं, कमळ्या, हात कसले पिवळे तुझे? हसला फक्त. तो गुपितं सांभाळणारा माणूस, बाई. रेल्वेच्या सिग्नलवर आयुष्य गेलं त्याचं. जिथलं तिथं ठेवायची सवय."

नोंदवहीत पिवळ्या हातांचा पहिला उल्लेख मार्चमधला होता. जयंतकाका तेव्हा समुद्रापलीकडे होते. तिने त्यांचं नाव मनातल्या मनात खोडलं.

दुसऱ्या दिवशी ती वॉटर्लूहून साउथहॅम्प्टनला गेली.

तनिषाची लॅब गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. आत पाऊल ठेवताच ओल्या मातीचा वास आला. भाज्या पॅक करणाऱ्या कारखान्यातून आलेल्या सालींची पोती भिंतीला लावून ठेवली होती, गाजर, पार्स्निप, बीट. तनिषा एकोणचाळीसची, बापासारखीच उंच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मराठी तिची घरात शिकलेली, अर्धी इंग्रजी चालीची.

"गाजर जमिनीत असतो ना, तेव्हा बुरशी सगळीकडून अ‍ॅटॅक करते," ती म्हणाली. "पळून जाता येत नाही त्याला. म्हणून तो आपल्या सालमध्ये एक केमिकल बनवतो, फाल्कॅरिनॉल. आत गोड, बाहेर कडू. आम्ही ते कडू काढतो आणि स्टोअरमधल्या भाज्यांवर मारतो, सडू नये म्हणून. तेवढंच आहे. भाज्यांसाठी."

"माणसासाठी नाही?"

"माझा नवरा, प्रणव, त्याला वाटतं माणसासाठी पण होईल. कंपनी तो चालवतो. डिशमध्ये बुरशी मरते, खरं आहे. पण डिश म्हणजे बॉडी नाही. पोटात गेला की लिव्हर त्याचा काय करतं, लंगपर्यंत किती पोचतं, काहीच माहीत नाही. मी त्याला हजार वेळा सांगितलं."

सुलक्षणाने बाटलीचा फोटो पुढे ठेवला.

तनिषाने फोटो जवळ ओढला. त्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ते बाटली माझं आहे," ती म्हणाली. "अक्षर पण माझं. पण मी नाही दिलं. हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"तुझ्या बाबांच्या किचनमध्ये. ते म्हणायचे, लेकीचं औषध."

"मी नाही दिलं!" ती उठून उभी राहिली, हात टेबलावर घट्ट दाबून. "मी का देईन? मला माहीतेय ना ते काम नाही करत! बाबांना... " थोड्या वेळाने ती खाली बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बॅच नऊ फ्रीजरमध्ये असतं. फ्रीजरची चावी दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि प्रणवकडे."

"गुरुवारी क्लिनिकला तू बाबांना घेऊन आलीस. प्रणव नव्हता."

"त्याला माहीतच नव्हतं." ती बोटं चोळत राहिली. "तुमच्याकडून तेरा तारखेला फोन आला होता, कन्सल्टंट सुट्टीवर जातायत म्हणून डेट अलीकडे घेतली. मी बाबांना म्हटलं, मीच एकटी येते. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. मी प्रणवला सोडणार आहे, त्याला अजून सांगितलं नाहीये. त्याला म्हटलं रेडिंगला मीटिंग आहे. बाबांना सांगितलं, मी आले होते हे प्रणवला बोलू नका. शनिवारी आम्ही दोघं गेलो तेव्हा बाबा एक शब्द बोलले नाहीत."

४

प्रणव पुण्याचा. छत्तीस वर्षांचा, नेटका, दाढी कोरलेली. कंपनीच्या काचेच्या खोलीत त्याने सुलक्षणाला बसवलं, स्वतः उठून चहा करून आणला. आवाजात कुठे टोक नव्हतं.

"बाबा मला वडिलांसारखे होते, मॅडम. माझे स्वतःचे मी बारा वर्षांचा असताना गेले. या देशात मला 'जेवलास का' विचारणारा तो एकच माणूस होता." त्याचे डोळे भरले, आणि ते खरे भरले होते, हे तिला दिसत होतं. "आणि वाईट बघा कसं. दहा दिवसांवर अपॉइंटमेंट आली होती. तेवढं झालं असतं तर डॉक्टरांच्या काहीतरी लक्षात आलं असतं."

"त्यांच्या रक्तात औषध सापडलं नाही."

"असं कसं होईल?"

"तुम्हीच सांगा."

"गोळ्या सीमाताई द्यायच्या. मी त्यांच्यावर आरोप करत नाही, गरीब बाई आहे." त्याने चहाचा कप सरळ केला. "तनिषाचं मला सांगायला जड जातंय. गेले काही महिने ती फार टेन्शनमध्ये आहे. तिचा या अर्कावर जीव आहे. तिने बाबांना काही दिलं असेल असं मी म्हणत नाही. पण बाबांनी तिच्यासाठी काहीही घेतलं असतं. तिने विष दिलं असतं तरी."

सुलक्षणाने कप खाली ठेवला. तपकिरी बाटलीचा विषय तिने अजून काढलाच नव्हता.

अर्थात तनिषाने मधल्या तासाभरात त्याला सांगितलं असेल. तेवढ्यावर काही ठरत नव्हतं. ती उठली, त्याचे आभार मानले आणि स्टेशनवर आली.

ट्रेन विंचेस्टर सोडून पुढे निघाली. खिडकीबाहेर मेंढ्या होत्या, पाऊस पडू की नको अशा बेतात होता. नोंदवही मांडीवर होती. ज्याने हे केलं त्याला तपासणीची तारीख पक्की ठाऊक असायची, एवढं उघड होतं. फेब्रुवारीत ती तारीख बरोबर निघाली. एप्रिलमध्ये बरोबर निघाली. मेमध्ये...

तिने वही मिटली. 'दहा दिवसांवर अपॉइंटमेंट आली होती.'

प्रणवने ते शांतपणे, सहज म्हटलं होतं. अठ्ठावीस मेपासून जवळपास दहा दिवस पुढे. सहा जून.

५

रविवारी दुपारी चौघं स्टॅनमोरच्या किचनमध्ये बसली होती. तनिषाने घराची कागदपत्रं न्यायला म्हणून प्रणवला बरोबर आणलं होतं. सीमाताई दारापाशी उभ्या होत्या, सुलक्षणाने हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. कॉरोनरला जे लिहून द्यायचं ते तिने शुक्रवारीच दिलं होतं. समोरच्या खोलीत एक पोलीस अधिकारी, साध्या कपड्यातली बाई, सोफ्यावर बसून होती. प्रणवला तिच्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, की ती कॉरोनरकडून आली आहे.

"तुम्हा सगळ्यांना सांगायला हवं, म्हणून बोलते," सुलक्षणा म्हणाली. "कुणीतरी बाबांच्या बाटलीत दिसायला तशाच, पण दुसऱ्या गोळ्या ठेवत होतं. तपासणी जवळ आली की खऱ्या. म्हणजे रिपोर्ट चांगला यावा. फेब्रुवारीत तो चांगला आला. एप्रिलमध्ये आला. मेमध्ये शून्य आला. का?"

तिने तिघांकडे पाहिलं.

"कारण तारीख बदलली होती. सहा जूनची तेवीस मे झाली होती. ज्याने हे केलं त्याने पंचवीस तारखेला, शनिवारी, खऱ्या गोळ्या ठेवल्या. सहा जूनची तयारी म्हणून. त्याला कळलंच नव्हतं, की रक्त दोन दिवस आधीच घेऊन झालंय."

ती सीमाताईंकडे वळली. "तेवीस तारखेला बाबांना कुणी तयार केलं?"

"मी. सातला आंघोळ घातली, स्वेटर घातला. तनिषाताई घ्यायला आल्या."

"म्हणजे तुम्हाला तारीख माहीत होती. तुम्ही केलं असतं, तर रक्त देऊन झाल्यावर शनिवारी खऱ्या गोळ्या कशाला ठेवल्या असत्या? तनिषा स्वतः त्यांना घेऊन आली, तिलाही माहीत होती. बाबांनी आपल्या मनाने औषध सोडलं असतं आणि लपवलं असतं, तर त्यांनीही तेवीस तारखेच्या आधी पुन्हा सुरू केलं असतं. शिवाय ते सीमाताईंना विचारत राहिले, दिवे का नाचत नाहीत म्हणून. त्यांना ठाऊकच नव्हतं. जयंतकाका कॅनडात होते." ती प्रणवकडे वळली. "या घरात येणारं एकच माणूस उरतं, ज्याच्या मते तपासणी अजून व्हायची होती. प्रणव, बाबांची शेवटची अपॉइंटमेंट कधी होती?"

प्रणवने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. जूनच्या सहा तारखेभोवती लाल गोल तसाच होता. कमलाकररावांनी तो खोडला नव्हता.

"तू बाबांकडे आली होतीस?" त्याने तनिषाला विचारलं. "गुरुवारी?"

"हो," ती म्हणाली. "त्यांना सांगायला की मी तुला सोडतेय."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले, आणि एकदम भरभर बोलायला लागला, जणू कुणीतरी अखेर ऐकायला बसलं होतं. त्याने मारायला दिलं नव्हतं. त्याने रोज नोंद ठेवली होती, खोकला किती, वजन किती, जिना चढताना धाप किती. फेब्रुवारीत खोकला कमी झाला होता. एप्रिलमध्येही झाला होता. अर्क काम करत होता!

"फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये त्यांच्या पोटात खऱ्या गोळ्या होत्या," सुलक्षणा म्हणाली. "म्हणून कमी झाला."

पाच महिने वही लिहिणाऱ्या माणसाला हे एकदाही सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं, आणि त्याने ते लिहिलं नव्हतं.

"एक माणूस बरा झालेला दाखवायचा होता मला," तो म्हणाला. "एकच. मग सगळ्यांनी ऐकलं असतं. तनूनेही ऐकलं असतं. बुरशी मरते हो, मॅडम, मी डोळ्यांनी पाहिलंय. रोज पाहिलंय."

"थेंब माझ्या नावाने का दिलेस?" तनिषाने विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

"माझ्या नावाने घेतले नसते त्यांनी."

सीमाताई रडायला लागल्या. समोरच्या खोलीतली बाई उठून दारात आली. प्रणवने विरोध केला नाही. कोट चढवताना त्याचा हात बाहीत नीट जाईना, तेव्हा तनिषा सवयीने अर्धवट पुढे झाली, आणि मग थांबली.

६

सीमाताईंच्या एजन्सीला सुलक्षणाने स्वतः पत्र लिहिलं. कामावर परत घ्यायला त्यांना तीन आठवडे लागले. कॉरोनरसाठी जे निवेदन तिने दिलं, त्यात एक परिच्छेद तिच्या स्वतःबद्दल होता : तपासण्या आठ आठवड्यांवर नेण्याचा सल्ला माझा होता, आणि पेशंटला दिवे दिसतात का हे मी एकदाही विचारलं नाही. कन्सल्टंट म्हणाले, हे लिहायची गरज नाही. तिने ते ठेवलं.

जूनच्या शेवटी तनिषाचा फोन आला. पोस्टमॉर्टेममध्ये बाबांच्या फुप्फुसातली बुरशी लॅबने वाढवून ठेवली आहे का?

ठेवली होती.

"त्याच्यावर माझा अर्क टेस्ट करा. बॅच नऊ. मी पाठवते."

"कशासाठी, तनिषा?"

"मला माहीत पाहिजे."

निकाल यायला आठ दिवस लागले. तनिषा स्वतः आली. पावसाने कोट भिजला होता, तो तिने काढला नाही. सुलक्षणाने तिला मायक्रोबायोलॉजीत नेलं आणि दोन डिश टेबलावर ठेवल्या. एकीत राखाडी-हिरवी बुरशी काठापर्यंत पसरली होती, जाड, मऊ, एखाद्या जुन्या ब्लँकेटसारखी. दुसरीत अर्क घातला होता.

दुसरी डिश स्वच्छ होती.

तनिषाने ती उचलली, उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. कुठे एक ठिपका नव्हता. गाजर जमिनीत जे करतं तेच त्या अर्काने काचेत केलं होतं, चोख. ज्या बुरशीने तिच्या बापाला मारलं, तीच बुरशी.

"मरते," ती म्हणाली.

"हो."

"किती डोसला?"

"बाबा घेत होते त्याच्या निम्म्यालाही."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. तनिषाने डिश जपून खाली ठेवली, झाकण सरळ केलं.

"याचा रिपोर्ट कॉरोनरच्या फाईलमध्ये लावा," ती म्हणाली.

"तनिषा, प्रणवच्या वकिलाला हाच कागद हवा असेल. त्याला वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं, असं दाखवायला."

"माहीत आहे मला." तिने बॅगेतून टिश्यू काढला, नाक पुसलं. "खरं आहे ना ते? मग लावा. आणि त्याच्याच खाली दुसरा कागद लावा, की बाबांच्या ब्लडमध्ये ते किती सापडलं. तुम्ही तो पण टेस्ट केला असेल."

केला होता. सुलक्षणाने खणातून तो कागद काढून तिच्या हातात दिला. फाल्कॅरिनॉलचं नाव होतं, समोर एक आडवी रेघ होती, आणि रेघेपुढे लॅबने कुणाही पेशंटसाठी टाइप करतात तेच तीन शब्द टाइप केले होते : औषध आढळलं नाही.

तनिषाने ते उभ्याने वाचले. मग पेन मागितलं, आणि दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात, एकाखाली एक, आपली सही केली.